चिपला दोष देण्याआधी सिरिंज उजेडात धरा

१०० नॅनोमीटर व्यासाचे, पाण्यात मिसळलेले सोन्याचे कण मी सिरिंज पंपाने एका चिपवरच्या मायक्रोचॅनलमधून, म्हणजे केसाएवढ्या बारीक नालीतून, सोडत होते. सकाळी मोजणी चांगली यायची, संध्याकाळपर्यंत उतरत जायची. कण भिंतीला चिकटत असणार असं धरून मी दोन दिवस चॅनल धूत बसले. तिसऱ्या दिवशी पंपावरची आडवी सिरिंज न हलवता खिडकीपाशी नेली, तर पोटाशी टोकापासून टोकापर्यंत तांबूस रेघ. कण तिथेच बसले होते, चिपपर्यंत पोचलेच नव्हते.

तेव्हापासून प्रकल्पाला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी कागद-पेन घ्यायला लावते. बुडण्याचा वेग काढायचा: घनतेतला फरक गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले त्रिज्येचा वर्ग, त्याची दुप्पट, आणि त्याला विष्यंदितेच्या (द्रवाच्या दाटपणाच्या) नऊपटीने भागायचं. सोन्याची घनता पाण्याच्या १९ पट, म्हणून हा कण सेकंदाला ०.१ मायक्रोमीटर खाली जातो. तेवढ्याच आकाराचा पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकचा कण (घनता पाण्याच्या १.०५ पट) शेकडो पटींनी सावकाश.

आता हा वेग वेळेशी ताडून बघा. १०० मायक्रोमीटर रुंद, तेवढंच खोल आणि २ सेंटिमीटर लांब चॅनल, प्रवाह मिनिटाला १ मायक्रोलिटर. कण आत १२ सेकंद असतो, तेवढ्यात जेमतेम सव्वा मायक्रोमीटर उतरतो. चिंता नको. पण अर्ध्या मिलिमीटर पोकळीची ३० सेंटिमीटर नळी ओलांडायला त्याला तासभर लागतो, आणि तासात तो ०.३६ मिलिमीटर खाली आलेला असतो. सिरिंजमध्ये तर दिवसभर पडून असतो. म्हणून नळी आखूड आणि पाव मिलिमीटर पोकळीची घ्या, सिरिंजमध्ये लागेल तेवढंच भरा, आणि आत छोटा चुंबकी ढवळणारा मणी टाका.

एवढ्यावर थांबलात तर अर्धाच विचार झाला. एकेक कण बुडत नसला तरी कणांनी जड झालेलं सगळं द्रावण बुडू शकतं. पावसाळ्यात गोव्याच्या मांडवी नदीत वरून गोडं पाणी वाहतं आणि समुद्राचं खारं पाणी त्याच्या खालून आत शिरतं. दोन्हींच्या घनतेत फरक फार तर अडीच टक्क्यांचा. तेच चिपमध्ये घडतं. सिलिकाच्या १०० नॅनोमीटर कणांचं द्रावण आणि साधं बफर (कण नसलेलं क्षारांचं पाणी) शेजारी-शेजारी सोडा. सुटा कण तळ गाठायला पाच तास घेईल. पण द्रावणात आकारमानाने एक टक्का कण असले, तरी तो पट्टा काही सेकंदांत कलंडून बफरच्या खाली सरकू लागतो. मायक्रोस्कोपमधून वरून बघताना तो रुंद झालेला दिसतो, आणि बहुतेक जण ‘मिसळण झाली’ म्हणून वहीत लिहून मोकळे होतात. ही चूक मला फार खुपते, कारण तिच्यावरून काढलेला विसरणांकही (कण आपोआप किती वेगाने पसरतात तो आकडा) चुकतो.

खात्री करायची तर चिप तशीच पालथी करून पुन्हा चालवा. कण आता आधी तळाशी असलेल्या काचेऐवजी समोरच्या भिंतीवर जमले, तर काम गुरुत्वाचं. काचेवरच राहिले, तर पृष्ठभागाकडे बघा. पट्टा कलंडतोय का हे ठरवायला प्रवाह दहापट वाढवा. कलंडायला वेळ मिळाला नाही की पट्टा लगेच बारीक होतो. मात्र विसरणालाही तेव्हा वेळ कमीच मिळतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. बफरची घनता द्रावणाइतकी करून पुन्हा बघा, मगच लिहा.

घनता जुळवायला साखर चालते. १०० ग्रॅम द्रावणात १३ ग्रॅम साखर असली की घनता १.०५ च्या आसपास येते, म्हणजे पॉलिस्टायरिनइतकी. विष्यंदिता मात्र जवळजवळ दीडपट होते, तेव्हा हिशेब नव्याने मांडा. मीठ वापरू नका. मिठाने कणांमधलं विद्युत अपसारण (एकमेकांना दूर ढकलणं) झाकलं जातं, त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके कितीतरी वेगाने बुडतात. सोन्याशी घनता जुळेल असं कुठलंच पाणी नाही. तिथे आखूड नळी, ढवळणारा मणी आणि दर अर्ध्या तासाने सिरिंजवर एक नजर.