उन्हाळ्यात बांधकामावरचे अपघात कसे टाळावेत

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो, तेव्हा बांधकामावर धोका केवळ उष्माघाताचा नसतो. घामाने ओला झालेला हात परांचीच्या बांबूवरून निसटतो, डोळ्यांत घाम उतरल्याने करवतीची रेघ चुकते आणि थकलेल्या डोक्याला पाऊल कुठे पडते आहे हे उशिरा कळते. अशा अपघाताची नोंद मात्र बहुधा ‘पाय घसरला’ एवढीच होते.

म्हणून मुकादमाने उंचीवरची कामे सकाळी ११ च्या आत उरकावीत आणि दुपारी १२ ते ४ सावलीतली कामे द्यावीत. नव्या मजुराला पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या वेळेच्या पाचव्या हिश्श्याएवढेच काम देऊन ते रोज तितकेच वाढवत न्यावे, कारण शरीराला उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात; माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष याकडेच होते. तहानेची वाट न पाहता दर २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. माठ तळमजल्यावर आणि माणसे चौथ्या मजल्यावर असतील, तर पाणी पिण्यासाठी कोणी खाली उतरत नाही.

मजूर असंबद्ध बोलू लागल्यास त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ वर फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

थंडीचे म्हणाल, तर निफाडसारख्या ठिकाणी पहाटे बोटे बधिर होऊन हत्यारावरची पकड सुटते; तेथे हिवाळ्यात काम तासभर उशिरा सुरू करावे.