नव्या करारातला ‘दिदास्कलोस’ कसा शोधावा

बायबल-अभ्यासाला नव्याने बसणाऱ्यांना मी सगळ्यात आधी एकच ग्रीक शब्द देते: दिदास्कलोस, म्हणजे शिकवणारा. मराठी वाचकाला तो सहसा दिसतच नाही. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या जीवनाच्या चार वृत्तांतांत, लोक येशूला हाक मारतात तिथे आपण ‘गुरुजी’ वाचतो. पत्रांमध्ये ख्रिस्ती मंडळीतल्या माणसांविषयी तोच शब्द आला की ‘शिक्षक’ वाचतो. दोन्ही भाषांतरं बरोबरच आहेत. पण पहिल्या ग्रीक वाचकांच्या कानावर दोन्हीकडे एकच शब्द पडत होता, आणि मंडळीत शिकवायला उभं राहणाऱ्या माणसावर केवढं ओझं होतं ते त्यातूनच कळतं.

तेव्हा आधी ग्रीक ओळीखाली अर्थ देणारा नवा करार आणि एक ग्रीक शब्दसूची मिळवा. दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. व्याकरण येत नसलं तरी अडत नाही; अक्षरओळख मात्र करून घ्याच. सूचीत या शब्दाच्या साठेक जागा निघतील, बहुतेक शुभवर्तमानांतल्या. त्या वहीत उतरवा आणि प्रत्येकीपुढे लिहा: कोण बोलतंय, कोणाशी, आणि त्या घडीला काय चाललंय. शब्दकोश शेवटी उघडा. तो आधी उघडला की माणूस अर्थ पाठ करतो आणि प्रसंग वाचायचा थांबतो.

सुरुवात येशू शिष्यांबरोबर होडीत असताना आलेल्या वादळापासून करा. मार्क ४:३८, मत्तय ८:२५ आणि लूक ८:२४ शेजारी शेजारी ठेवा. होडी तीच, शिष्य तेच. मार्कमध्ये ते ओरडतात ‘दिदास्कले’ (दिदास्कलोसचं हाक मारतानाचं रूप), म्हणजे गुरुजी, आपण बुडतो आहोत याची आपल्याला पर्वा नाही का? मत्तयमध्ये हाक आहे ‘कुरिए’, प्रभूजी. लूकमध्ये ‘एपिस्ताता’: हा वरच्या अधिकाऱ्याला उद्देशून वापरायचा शब्द, आणि नव्या करारात तो फक्त लूकच वापरतो. इथे घाईने पुढे जाऊ नका. आता मत्तय पूर्ण चाळा. येशूला ‘दिदास्कले’ म्हणणारे म्हणजे शास्त्री, परूशी आणि सदूकी हे यहूदी धर्मपुढारी, आणि तो श्रीमंत तरुण; जवळचे शिष्य तशी हाक मारत नाहीत. येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत ‘रब्बी’ म्हणतो, म्हणजे यहूद्यांच्या बोलीतला ‘गुरू’. मत्तयच्या लेखी नुसता ‘गुरू’ अपुरा पडतो, असं मला यातून स्पष्ट दिसतं.

पण यावरून शब्दच हलका ठरवू नका. मत्तय २३:८ मध्ये येशू शिष्यांना बजावतो की तुम्ही स्वतःला रब्बी म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एकच आहे आणि तुम्ही सगळे भाऊ आहात. योहान १३:१३ मध्ये पाय धुतल्यावर तो ‘गुरू’ आणि ‘प्रभू’ ही दोन्ही नावं स्वीकारतो. आणि योहान २०:१६ वाचा: कबरेपाशी मग्दालीया मरीया त्याला ओळखते आणि तिच्या तोंडून ‘रब्बूनी’ निघतं. योहान लगेच अर्थ देतो, ‘दिदास्कले’. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशूला ओळखून मारलेली पहिली हाक ही आहे. शिवाय लूक ३:१२ मध्ये जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानालाही हेच म्हणतात, म्हणजे शब्द एकट्या येशूसाठी राखलेला नव्हता.

मग पत्रांकडे वळा. १ करिंथ १२:२८ मध्ये पौल क्रम लावतो: पहिले प्रेषित, दुसरे संदेष्टे, तिसरे शिक्षक. प्रेषितांची कृत्ये १३:१ मध्ये अंत्युखियाच्या मंडळीतले संदेष्टे आणि शिक्षक नावानिशी भेटतात, त्यांत बर्णबा आणि शौलही आहेत. इफिस ४:११ मध्ये ‘पाळक व शिक्षक’ या जोडीला ग्रीकमध्ये एकच उपपद (इंग्रजी ‘the’सारखा शब्द) आहे. त्यावरून ते एकच काम की दोन, हा वाद जुना आहे. पहिल्याच बैठकीत तो सोडवायला बसू नका.

याकोब ३:१ मात्र सावकाश वाचा. तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण आपला न्याय अधिक कडक होईल. त्यातलं ‘आपला’ पाहा, लिहिणारा स्वतःलाही त्यात धरतो. लगेच पुढे जिभेविषयीचा उतारा येतो, कारण शिक्षकाचं हत्यार तेच. याच्या समोर इब्री ५:१२ ठेवा: एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवे होता, ही तक्रार. दोन्ही वचनं एकत्र वाचल्याशिवाय शिकवायला उभं राहू नये, असं मी वर्गात निक्षून सांगते.

जोडशब्दही उतरवा. प्रेषितांची कृत्ये ५:३४ मध्ये गमलिएल या परूशासाठी ‘नोमोदिदास्कलोस’, नियमशास्त्राचा शिक्षक. २ पेत्र २:१ मध्ये खोटे शिक्षक. तीत २:३ मध्ये वृद्ध स्त्रियांनी ‘कालोदिदास्कलोस’ व्हावं, चांगलं ते शिकवणारी. गलती ३:२४ मधला ‘पैदागोगोस’ वेगळा ठेवा. तो मुलाला शाळेत नेणारा, त्याच्या वागण्यावर नजर ठेवणारा गुलाम असे.

शेवटी नव्या कराराबाहेर एक पाऊल टाका. ‘दिदाखे’ हे आरंभीच्या मंडळीचं शिकवणुकीचं छोटं पुस्तक वाचा. १०५६ साली नकललेली त्याची प्रत ग्रीक धर्मपंडित फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली आणि १८८३ मध्ये त्यांनी ती छापली. अकराव्या अध्यायात म्हटलंय, शिकवणारा उलटून वेगळंच शिकवू लागला तर त्याचं ऐकू नका. तेराव्यात, खरा शिक्षक कामकऱ्यासारखा आपल्या अन्नाला पात्र आहे. पंधराव्यात, मंडळीसाठी अध्यक्ष (बिशप) आणि सेवक (डीकन) निवडा, कारण संदेष्ट्यांची आणि शिक्षकांची सेवा तेही करतात. शिकवण्याचं काम स्थानिक पदांकडे सरकताना इथे दिसतं. तरी शिक्षक नाहीसे झाले नाहीत: दुसऱ्या शतकात जस्टिन हा ख्रिस्ती लेखक रोममध्ये तत्त्वज्ञाचा झगा घालून शिकवत होता, आणि तिसऱ्या शतकाच्या मध्यावर अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस इजिप्तच्या आर्सिनोए भागात गावोगावच्या मंडळ्यांचे वडील (पुढारी) आणि शिक्षक बोलावून त्यांच्याबरोबर तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका वादग्रस्त पुस्तकावर चर्चा करत बसला. ती हकिकत युसेबियस या प्राचीन ख्रिस्ती इतिहासकाराच्या मंडळीच्या इतिहासाच्या सातव्या भागात, चोविसाव्या अध्यायात आहे.