प्रेशर पडलं की नॉबला हात नको

वॉशिंग सेंटरवरच्या नव्या पोराला मी पहिलं हेच सांगतो: प्रेशर वॉशरचं (जोरात पाणी मारायच्या मशीनचं) प्रेशर पडलं की आधी पाणी बघ. टाकीतली पातळी, पाइपचा पीळ, इनलेटची, म्हणजे पंपात पाणी शिरतं तिथली जाळी. बोअरची बारीक वाळू त्या जाळीतच बसते.

धार धक्के देत येत असेल तर बहुतेक पंपात हवा शिरलेली असते. मशीन बंद करा, ट्रिगर दाबून उरलेलं प्रेशर सोडा, नोझल काढा. टाकीचं पाणी चालू ठेवून ट्रिगर दाबून धरा. फसफस थांबून सलग पाणी आलं की झालं.

काढलेलं नोझल उजेडात धरा. भोकात कचरा असेल तर बारीक तारेने काढा. भोक झिजून मोठं झालं असेल तर बदलाच. प्रेशर कमी-जास्त करायचा नॉब कितीही फिरवा, जोर येणार नाही.

नॉब शेवटी. मशीन चालू, ट्रिगर दाबलेला, पाव-पाव फेरा. गेजचा काटा सरकायचा थांबला की थांबा.