बांडगूळ काढा, पण आंब्यावरची रास्ना ठेवा भाऊ

मिरगाचा पाऊस आला की आपण सगळे पेरणीच्या मागं लागतो, पण त्याच दिवसांत वावटळीनं धुऱ्यावरच्या आंब्या-मोहाच्या फांद्या मोडून पडलेल्या असतात, तर त्या जळतनात टाकायच्या आधी एकदा उलटून पाहा. पट्ट्यासारखी जाड पानं, दोन बाजूंनी एकाआड एक लागलेली, आणि बोटासारखी पांढरट मुळं लोंबत असतील तर ते बांडगूळ नाही, ते ऑर्किड आहे, वँडा टेसेलाटा. आपल्याकडं कोणी रास्ना म्हणते, कोणी बांदा, आणि या बांदा नावानंच घात होतो कारण बांडगुळालेही लोक तेच म्हणतात.

मी स्वतः तीन वर्षांआधी आमच्या आंब्यावरचे सहा-सात झुपके बांडगूळ समजून कुऱ्हाडीनं खरवडले, अजूनही ती फांदी पाहिली की जीव तुटतो.

फरक सोपा आहे. बांडगुळाले स्वतःच्या फांद्या असतात, जिथं ते चिकटलं तिथं गाठ येते आणि ते लाकडात मूळ घालून झाडाचा रस ओढते. ते काढाच, गाठीच्या हातभर खालून फांदी कापा आन कापल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. रास्ना फक्त सालीले धरून बसते, रस पीत नाही, हवेतली ओल आणि सालीवरून वाहणारं पावसाचं पाणी यावर जगते. मुळावर स्पंजसारखं अस्तर असते, कोरडं असलं की चंदेरी दिसते, भिजलं की हिरवं. म्हणूनच आपल्या विदर्भातल्या पंचेचाळीस डिग्रीतही ती तग धरते, बाजारातली नाजूक ऑर्किड इथं उन्हाळ्यात टिकवणं लय अवघड.

आता पडलेली रास्ना परत लावायची कशी, तर हे पावसाळ्याचे पहिले दोन महिनेच खरे, कारण नवीन मुळं तेव्हा जोमानं सुटतात. खरबरीत सालीचं झाड घ्या, आंबा, मोह चांगले, निलगिरी आन पेरू नको, त्यांची साल सोलून पडते. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन लागणार नाही अशी बाजू पाहा, मुळाखाली नारळाची थोडी शेंडी ठेवा आणि सुती चिंधीनं नाहीतर सुतळीनं घट्ट बांधा, हललं की मूळ धरत नाही. तार वापरू नका. मातीत तर अजिबात लावू नका, मुळं सडतात. कुंडीच पाह्यजे असंल तर लाकडी जाळीची टोपली, त्यात कोळसा अन विटेचे तुकडे, बस.

झडीत पानांच्या मधल्या पोंग्यात पाणी साचून तो कुजतो म्हणून बांधतानाच थोडं तिरपं बांधा. तरीही काळं पडलं तर कुजकं कापून कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरले अडीच ग्रॅम मारा. खत म्हणाल तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरले एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा फवारलं तरी खूप झालं, जास्त दिलं तर मुळं जळतात. गोगलगाई रात्री बॅटरी घेऊन हातानं वेचा. आणि पऱ्हाटीत तणनाशक मारताना वारा धुऱ्याकडं असंल तर पंप ठेवून द्या.

फुलं उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात येतात, पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी जाळी, मधली पाकळी निळी-जांभळी, वासही गोड. आयुर्वेदात काही भागात, खासकरून बंगालकडं, हिची मुळं संधिवाताच्या औषधात रास्ना म्हणून वापरतात, पण रास्ना या नावानं दुसऱ्याही वनस्पती वापरल्या जातात, म्हणून कोणी भाव सांगतो म्हणून जंगलातून ओरबाडून आणू नका आन घरच्या घरी काढाही करून पिऊ नका.

बी पेरून ही उगवत नाही, बी पिठासारखं बारीक असते, त्यात अन्नच नसते, सालीवर ठराविक बुरशी भेटली तरच ते रुजते, नाहीतर लॅबमध्ये पोषक मिश्रणावर (टिश्यू कल्चर) रुजवावं लागते. त्यामुळे शेंग धरली की तोडू नका, पिकायला काही महिने लागतात, मग ती आपोआप उकलते आन बी वाऱ्यानं शेजारच्या आंब्यांवर जाते.