कोरिओग्राफरचं काम जपायचंय? मग ही तयारीची यादी

सगळ्यात आधी फोन लावायला घ्या, कपाटं नंतर उघडा. एखाद्या मॉडर्न डान्सरचं, कोरिओग्राफरचं आयुष्यभराचं काम जपायचं ठरलं की घरचे आणि शिष्य पहिल्यांदा फोटोंच्या पेट्या काढून बसतात, साहजिक आहे, त्या हाताला लागतात, पण फोटो अजून दोन वर्षं पेटीत राहिले तरी बिघडत नाही आणि चाळीस वर्षांपूर्वी ज्या बाईंनी त्या नाचात मधली जागा केली होती त्या आता सत्तरीच्या पुढे गेल्यात. नाच त्यांच्या अंगात आहे, पेटीत नाही. म्हणून पहिली यादी माणसांची करायची, नाव, कोणता नाच, कोणती जागा, कोणतं साल, आता कुठे असतात आणि गुडघे-कंबर कशी आहे. हे शेवटचं खरंच लिहा, कारण आधी कोणाला बोलवायचं ते त्यावरूनच ठरतं. यादीत फक्त नाचणारे नकोत, लाइट करणारे, कपडे शिवणारे, संगीत करणारे, विंगेत उभं राहून क्यू देणारे सगळे घ्या, आणि रिहर्सलला कोपऱ्यात बसून आकडे मोजणारा जो असिस्टंट असतो ना, त्याला अजिबात विसरू नका, बऱ्याचदा अख्खा नाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या एकट्यालाच माहीत असतो.

आता या माणसांना बोलवून खुर्चीत बसवून मुलाखत घेऊ नका, म्हणजे तीही घ्या पण नंतर. आधी मोकळा हॉल बघा, जमीन चांगली हवी, संगीत लावा आणि त्यांना उभं करा, कारण तोंडाने विचारलं की "आठवत नाही गं आता" असंच उत्तर येतं आणि तेच संगीत सुरू झालं की हात आपोआप वर जातो. कॅमेरे दोन ठेवा, एक समोरून, स्टँडवर पक्का, पूर्ण माणूस दिसेल असा, पाय कापले जाता कामा नयेत, आणि दुसरा पाठीमागून, कारण पुढे कोणी हा नाच शिकायला घेतला तर पाठीमागून बघून शिकताना डावं-उजवं उलटं करत बसावं लागत नाही. पहिल्या आकड्यापासून सुरू करायचा हट्ट नको, जिथून आठवतं तिथून सुरू करू दे, मग मागे-पुढे सरकता येतं. आणि शक्य असेल तर एकाच नाचातल्या दोघींना एकत्र बोलवा, मग बघा, एक म्हणते इथे डावा पाय, दुसरी म्हणते छे, उजवा, आणि आपण पडणार असं वाटेपर्यंत जायचं आणि तिथे थांबायचं असं सांगितलं होतं आपल्याला. या वादात कॅमेरा अजिबात बंद करू नका, खरा ऐवज तोच आहे. विचारायचं काय, तर श्वास कुठे घ्यायचा, वजन कोणत्या पायावर, नजर कुठे, आकडे मोजत होतात की संगीत ऐकत होतात की शेजारणीकडे बघून निघत होतात, आणि रिहर्सलला कोरिओग्राफर काय ओरडायचे. शोच्या व्हिडिओत यातलं काहीच सापडत नाही, तिथे एका संध्याकाळचा एक नाच असतो, त्या दिवशीच्या चुकांसकट आणि अर्धा अंधारात.

हे सगळं उगाच नाही सांगत. रशियन नर्तक आणि कोरिओग्राफर निजिन्स्कीचं 'राइट ऑफ स्प्रिंग' हे बॅले १९१३ मध्ये पॅरिसला झालं, मोजकेच प्रयोग झाले आणि मग ते बंदच पडलं, फिल्म नाही काही नाही. मिलिसेंट हॉडसन आणि केनेथ आर्चर या दोघांनी कित्येक वर्षं खपून ते पुन्हा उभं केलं आणि जॉफ्री बॅलेने १९८७ मध्ये ते केलं. त्यांना उपयोगी काय पडलं तर निजिन्स्कीची सहायक मारी रँबर्ट हिने संगीताच्या वहीवर केलेल्या नोंदी, प्रेक्षागृहात बसून कुणीतरी काढलेली स्केचेस, त्या काळची परीक्षणं आणि जिवंत असलेल्यांच्या आठवणी. म्हणून कपाटं उघडाल तेव्हा छापील ब्रोशर आणि मानपत्रांच्या आधी पेन्सिलने खरडलेल्या वह्या शोधा, काडीची माणसं काढलेले कागद, पाकिटाच्या पाठीमागे काढलेला स्टेजचा नकाशा, मार्जिनमध्ये "इथे हळू" लिहिलेलं स्वरलेखन. एकही फेकू नका, आणि ज्या क्रमाने ते कागद ठेवलेले सापडले त्या क्रमाचा आधी फोटो काढा मगच हलवा, कोणता कागद कोणत्या नाचाचा हे पुष्कळदा शेजारच्या कागदावरूनच कळतं.

टेपांचं काम मात्र खोळंबून चालत नाही. व्हीएचएस, यू-मॅटिक, मिनीडीव्ही जे काही असेल त्याची चुंबकीय पट्टी दरवर्षी थोडी खराब होत असते आणि ती चालवणारी मशीन्स व ती दुरुस्त करणारी माणसं दोन्ही कमी होत चालली आहेत. व्हीएचएस टेप हातात घेतली की आधी कडेची ती छोटी प्लास्टिकची टॅब तोडा म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही, मिनीडीव्हीला सरकवायचं बटण असतं. पांढरी बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालूच नका, टेपही जाईल आणि मशीनचं हेडही, आणि त्या मशीनमध्ये नंतर घातलेल्या टेपांनाही लागेल. फिल्मच्या डब्याचं झाकण उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म सडायला लागलीय, तिला बाकीच्या डब्यांपासून लगेच वेगळी करा आणि रांगेत पहिला नंबर तिचा लावा. डिजिटाईज करून घेताना एक मोठी, दर्जा न घटवलेली मास्टर फाइल मागा आणि रोज बघायला लहान एमपी४ वेगळी, फक्त एमपी४ घेऊन घरी येऊ नका. कॉपी तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. आणि मूळ टेप डिजिटाईज झाली म्हणून रद्दीत घालायची नाही. चित्रित झालेलं नीट राहिलं तर काय होतं ते उदयशंकरांच्या 'कल्पना'वरून कळतं, १९४८ चा सिनेमा, त्याची प्रिंट दुरुस्त होऊन २०१२ मध्ये कान चित्रपट महोत्सवात दाखवली गेली आणि आज उदयशंकर आणि अमलाशंकर नाचताना कसे दिसत होते ते आपण बघू शकतो. उलट अमेरिकन नर्तकी इसाडोरा डंकन १९२७ ला गेल्या आणि त्यांचं चित्रीकरण जवळजवळ नाहीच, जे काही टिकलं ते त्यांनी शिकवलेल्या मुलींमुळे.

कपड्यांचं थोडक्यात. धुऊ नका, इस्त्री नको, लोखंडी हँगर नको, विणकामाचे आणि बायस म्हणजे तिरके कापलेले कपडे आडवेच ठेवा, मध्ये अ‍ॅसिड नसलेला कागद आणि वरून धुतलेलं कोरं मलमल. शिवणी उलटून बघा, कुठे घेर वाढवलाय, काखेत जादा तुकडा लावलाय, गुडघ्याला आतून अस्तर आहे, यावरून हात किती वर जायचा आणि जमिनीवर किती वेळा पडायचं होतं ते कळतं, त्याचे जवळून फोटो घ्या. सामान तळघरात ठेवायचं नाही म्हणजे नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाचं पाणी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन कोरिओग्राफर मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यकंपनीच्या तळघरात शिरलं आणि अनेक दशकांचे सेट आणि कपडे त्यात बुडाले. सेटची कृतीही लिहून ठेवा, वस्तू टिकली नाही तरी कृती टिकते. जर्मन कोरिओग्राफर पिना बाउश यांच्या १९७५ च्या 'राइट ऑफ स्प्रिंग'मध्ये अख्ख्या स्टेजवर पीट माती, म्हणजे दलदलीतली काळी माती, पसरलेली असते, नाचणारे त्यात माखतात, आता ती किती जाड पसरायची, किती ओली ठेवायची, पाय घसरू नये आणि धूळही उडू नये हे ज्याच्या हाताला माहीत आहे त्याच्याकडून ते उतरवून घेतलंच पाहिजे.

मग एक्सेल. प्रत्येक नाचाला एक ओळ, नाव, पहिला प्रयोग, लांबी, कोण नाचलं, संगीत कोणाचं, लाइटचा नकाशा आहे का, कपडे कुठल्या पेटीत, व्हिडिओ कोणत्या फाइलमध्ये. एकच नाच वीस वर्षांत बदलत गेलेला असतो, कोणी उंच डान्सर आली म्हणून उडी बदलली, स्टेज लहान होतं म्हणून एक फेरी कापली, तेव्हा प्रत्येक रूपाला वेगळी ओळ द्या आणि यातलं "खरं" कुठलं हे तुम्ही ठरवायला जाऊ नका, ते कोरिओग्राफरना विचारा, ते असतील तर. नोटेशन म्हणजे नाच चिन्हांत लिहून ठेवणं, त्याबद्दल एवढंच की त्यातली लाबानोटेशन ही पद्धत १९२८ पासून आहे, न्यूयॉर्कचं डान्स नोटेशन ब्युरो १९४० पासून आहे, पण प्रशिक्षित माणूस रिहर्सलला बसवून लिहून घ्यावं लागतं, वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, म्हणून सगळ्या नाचांचं नाही तर दोन-तीन महत्त्वाच्यांचं करून घ्यायचा प्रयत्न करा.

आता कागदपत्रं, इथे लोक लाजतात आणि इथेच सगळं फिसकटतं. नाच कोणाच्या मालकीचा? मार्था ग्रॅहम १९९१ ला गेल्या, मृत्युपत्रात सगळं एका व्यक्तीला दिलं होतं, पुढे त्या वारसदारात आणि त्यांच्याच संस्थेत वाद पेटला, २००० मध्ये कंपनीचे प्रयोग थांबले आणि २००२ मध्ये कोर्टाने ७० नृत्यांपैकी ४५ संस्थेची ठरवली, मुख्य कारण हे की त्या स्वतःच्याच संस्थेत पगारी होत्या आणि नोकरीत केलेलं काम मालकाचं धरलं गेलं. वारसदाराच्या वाट्याला एकच नृत्य आलं, काही सार्वजनिक झालेली निघाली, काहींची मालकी सिद्धच झाली नाही. म्हणजे ज्या बाईंनी ती नृत्यं रचली त्यांना ती द्यायचा अधिकारच बहुतेक उरला नव्हता. तेव्हा संस्था असेल, ट्रस्ट असेल, पगार किंवा मानधन घेतलं जात असेल तर वकिलाकडे जाऊन आत्ताच लिहून घ्या की नृत्यं कोणाची. भारतातल्या १९५७ च्या कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत धरलीय, पण तिचं रूप लेखी किंवा दुसऱ्या कोणत्या प्रकारे पक्कं केलेलं असलं पाहिजे, आणि हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. संगीताचा हक्क वेगळा, फोटोचा वेगळा, तो सहसा फोटो काढणाऱ्याचा असतो, व्हिडिओचा तिसऱ्याचाच, प्रत्येकाची परवानगी लेखी घ्या, ओळखीपाळखीवर ठेवू नका, ओळखीची माणसं गेली की त्यांची मुलं प्रश्न विचारतात आणि त्यांचंही बरोबरच असतं. नाचणाऱ्यांच्या त्या रिहर्सल सेशनचीही सही त्याच दिवशी घ्या, आणि त्यांना त्या दिवसाचे पैसे द्या, त्यांच्या अंगातलं ज्ञान फुकट मागू नका.

हे सगळं कोरिओग्राफर हयात असताना, त्यांच्या समोर झालं तर काम किती सोपं होतं याचं उदाहरण अमेरिकन कोरिओग्राफर मर्स कनिंगहॅम. २००९ मध्ये, जाण्याच्या थोडेच दिवस आधी, त्यांची योजना जाहीर झाली, की मी गेल्यावर कंपनीने दोन वर्षं जगभर दौरा करायचा आणि मग बंद व्हायचं, ३१ डिसेंबर २०११ ला न्यूयॉर्कमध्ये शेवटचा प्रयोग झाला. हक्क ट्रस्टकडे, आणि नृत्यांची 'डान्स कॅप्सूल' नावाची डिजिटल संचिका, त्यात व्हिडिओ, आवाज, लाइट, कपडे, नोंदी. कंपनी बंद झाली तरी इतर कंपन्या आणि विद्यार्थी ती नृत्यं शिकतात. पिना बाउशही २००९ मध्येच, पण अचानक गेल्या, तिथे मुलाने फाउंडेशन उभारून अर्काइव्ह जमवलं आणि त्यांचं 'राइट ऑफ स्प्रिंग' नंतर आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांच्या नर्तकांनी सेनेगलमध्ये शिकून उभं केलं, शिकवणारे कोण तर जुने डान्सरच.

म्हणून कोरिओग्राफर समोर असतील तर एक दुपार त्यांच्याकडून मागून घ्या. तो एक्सेल प्रिंट करून न्या, मोठ्या अक्षरात, आणि एकेका नाचापुढे त्यांनाच लिहू द्या, हा पुढे करा, हा करा पण अमुक व्यक्तीने शिकवला तरच, हा करू नका. "करू नका" असं आलं तर समजूत घालत बसू नका, कारण विचारा आणि तेही लिहून घ्या. नाच शिकवायची परवानगी कोणाकोणाला आहे, त्या माणसानंतर कोणाला, आणि वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, ही तीन नावं प्रत्येक नाचापुढे हवीत. खाली तारीख, सही, दोन साक्षीदार, एक प्रत वकिलाकडे, एक ट्रस्टकडे. दर दोन वर्षांनी तोच कागद पुन्हा समोर ठेवा, मतं बदलतात, आणि निघण्याआधी विचारून घ्या की पहिल्या सेशनला हॉलमध्ये कोणाला बोलवू.