मोफत ऑनलाइन स्टोरेज निवडताना जागेसोबत अटीही कशा तपासाव्यात

मोफत ऑनलाइन स्टोरेजची चौकशी करताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो किती जीबी मिळतात हा. तो विचारावाच, पण त्याआधी आपल्याकडच्या फाइली कोणत्या प्रकारच्या आहेत आणि त्या किती जणांबरोबर वापरायच्या आहेत, हे एका कागदावर मांडावे. दिंडोरीच्या निर्यातक्षम द्राक्षबागायतदाराकडे सातबारा, फवारणीच्या नोंदी, रेसिड्यू (मालात उरलेल्या औषधांच्या अंशांच्या) तपासणीचे अहवाल आणि पॅकहाऊसची बिले असतात. ही सगळी पीडीएफ कागदपत्रे एका हंगामाची धरली तरी सहसा एका जीबीत मावतात. उलट नाशिकच्या कॉलेज रोडवर लग्नाचे फोटो काढणाऱ्या छायाचित्रकाराची एक रॉ फाइल (कॅमेऱ्यातून निघालेली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) साधारण २५ एमबीची धरली, तर हजार फोटोंना २५ जीबी लागतात आणि नेहमीच्या मोफत खात्यांची मर्यादा एकाच लग्नात ओलांडली जाते. अशा कामासाठी मोफत सेवा शोधण्यात वेळ घालवू नये. बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी.

मोफत जागेचे आकडे असे आहेत: गूगल १५ जीबी, वनड्राइव्ह आणि आयक्लाउड प्रत्येकी ५ जीबी, ड्रॉपबॉक्स २ जीबी, मेगा २० जीबी. बॉक्स १० जीबी देते, मात्र मोफत खात्यात एक फाइल २५० एमबीपेक्षा मोठी चालत नाही, त्यामुळे व्हिडिओसाठी तिचा विचार सोडून द्यावा.

गूगलचे १५ जीबी केवळ ड्राइव्हचे नसून जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांचे मिळून असतात, आणि १ जून २०२१ पासून फोटोजमध्ये चढवलेले नवे फोटो, कमी दर्जाचा पर्याय निवडला तरी, सामान्यतः याच जागेत मोजले जातात. जागा भरली की नुसते अपलोड थांबत नाही. जीमेलवर मेल येणे आणि जाणेही बंद पडते. ऐन हंगामात परदेशी खरेदीदाराचा मेल अडकण्याचे कारण मोबाइलमधून आपोआप चढलेले घरगुती व्हिडिओ असू शकतात. म्हणून व्यवसायाचा मेल ज्या खात्यावर येतो, त्यावर फोटोंचा बॅकअप बंद ठेवावा आणि फोटोंसाठी वेगळे खाते उघडावे.

सामायिक फोल्डरचा हिशेब प्रत्येक सेवेत वेगळा असतो आणि फसगत येथेच अधिक होते. गूगल ड्राइव्हमध्ये फाइल ज्याच्या मालकीची, त्याच्याच जागेतून ती वजा होते. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यात मात्र सामायिक फोल्डर प्रत्येक सदस्याच्या जागेत मोजला जातो. लासलगावच्या एखाद्या आडत्याने हिशेबाचा दीड जीबीचा फोल्डर आपल्या करसल्लागाराला आणि भावाला खुला केला, तर तिघांच्याही २ जीबीपैकी दीड जीबी संपतात. शिवाय तेथे मोफत खाते तीनच उपकरणांना जोडता येते. दुकानाचा संगणक, घरचा लॅपटॉप आणि मोबाइल एवढ्यात ती मर्यादा पूर्ण होते.

मेगामध्ये फाइली आपल्याच उपकरणावर कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या) होऊन पुढे जातात, त्यामुळे कंपनीलाही त्या वाचता येत नाहीत. पण पासवर्ड विसरला, रिकव्हरी की (खाते परत उघडण्याची किल्ली) जपून ठेवलेली नसली आणि कोणत्याही उपकरणावर खाते उघडे नसले, तर त्या फाइली पुन्हा उघडण्याचा मार्ग उरत नाही. ती की छापून घरातल्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवावी. एक टीबी मोफत देणाऱ्या टेराबॉक्समध्ये जाहिरातींचा त्रास आहे. ओळखपत्रे आणि बँकेचे कागद मी तरी तेथे ठेवणार नाही.

वाहन परवाना आणि आरसी यांसाठी सरकारचे डिजिलॉकर अधिक सोयीचे आहे, कारण संबंधित विभागाने त्यात दिलेले दस्तऐवज २०१६ च्या नियमांनुसार मूळ प्रतीच्या बरोबरीचे मानले जातात आणि मुंबई नाक्यावर वाहतूक पोलिसाने विचारले तर तेच दाखवता येतात. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेल्या प्रतीला हा दर्जा नसतो.

सेवा ठरल्यावर सर्व फाइली एकदम चढवू नयेत. आधी एक चाचणी फोल्डर संगणकावर सिंक करावा, म्हणजे संगणक आणि वेब या दोन्हीकडे तो आपोआप एकसारखा राहील असा जोडावा, त्यातील एक फाइल संगणकावरूनच पुसावी आणि वेबवर काय होते ते पाहावे. बहुतेक ठिकाणी ती तेथूनही जाते व कचरापेटीत सापडते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, त्यानंतर कायमची पुसली जाते. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे या एका चाचणीत कळते. मग तो फोल्डर दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहावा आणि अपलोडचा वेग मोजावा. १० एमबीपीएस अपलोड असलेल्या जोडणीवर एका जीबीला सुमारे १४ मिनिटे लागतात.

दोन वर्षे न वापरलेल्या खात्यातील मजकूर गूगल काढून टाकू शकते, त्यामुळे फोटोंसाठी उघडलेल्या वेगळ्या खात्यात अधूनमधून लॉगिन करावे आणि त्याच वेळी टेकआउट या गूगलच्या डेटा उतरवून घेण्याच्या सोयीतून सर्व फाइलींची एक प्रत हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी.