निवृत्तीचा व्हिसा, गुंतवणुकीचा व्हिसा: या चुका टाळा

परदेशात कायमचं राहायला जायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो देश कोणता आणि दुसरा खर्च किती. दोन्ही रास्त आहेत. पण घोडं पेंड खातं ते तिसऱ्याच ठिकाणी. पैसा किती आहे यापेक्षा तो कोणत्या प्रकारचा आहे, हे व्हिसा अधिकारी आधी बघतो. निवृत्तांच्या व्हिसासाठी काम न करता, न चुकता येणारा पैसा दाखवावा लागतो. गुंतवणूकदाराच्या व्हिसासाठी नेमका उलटा, बुडू शकेल असा पैसा. या दोघांची गल्लत झाली की भरभक्कम खातं असलेल्या माणसाचाही अर्ज परत येतो, आणि त्याला कळतच नाही की आपलं काय चुकलं.

पेन्शन, बचत आणि कमाई एकाच पारड्यात घालणं

पनामाचा पेन्शनधारकांचा व्हिसा घ्या. दरमहा किमान १,००० डॉलरची आजन्म पेन्शन ही त्याची अट. 'आजन्म' हा त्यातला कळीचा शब्द. बँकेत पाच लाख डॉलर पडून असले, पण पेन्शन नसली, तर हे दार तुमच्यासाठी नाही. कोस्टा रिकात हाच फरक तीन वेगवेगळ्या वर्गांत मांडलेला दिसतो. आजन्म पेन्शन असेल तर १,००० डॉलर पुरतात. पेन्शन नसेल पण ठरावीक उत्पन्न असेल तर दोन वर्षं दरमहा २,५०० डॉलर दाखवावे लागतात. आणि गुंतवणूकदार म्हणून जायचं तर दीड लाख डॉलर. माणूस तोच, पैसाही साधारण तेवढाच, पण चुकीच्या वर्गात अर्ज केला की फाईल परत.

स्पेनच्या बिननोकरीच्या व्हिसात सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती एका वेगळ्याच कारणाने. अट अशी आहे: मुख्य अर्जदारासाठी महिन्याला २,४०० युरो, सोबतच्या प्रत्येकासाठी आणखी ६००. एवढे तर बरेच जण दाखवतात. पण बँकेचं स्टेटमेंट उघडलं की दर महिन्याच्या पाच तारखेला जुन्या कंपनीकडून जमा झालेली रक्कम दिसते आणि पुढे लिहिलेलं असतं 'सल्ला शुल्क'. अर्जदाराला वाटतं, उत्पन्न जास्त दिसलं तर चांगलंच. अधिकारी त्याच ओळीवर बोट ठेवतो, कारण या व्हिसावर काम करता येत नाही; घरात बसून, लॅपटॉपवर, दुसऱ्या देशातल्या कंपनीसाठी केलेलं कामसुद्धा नाही. ज्यांना असं काम चालू ठेवायचं आहे त्यांच्यासाठी दूरस्थ काम करणाऱ्यांचा व्हिसा वेगळा आहे. इटलीच्या स्वेच्छा-निवासाच्या व्हिसात वर्षाला साधारण ३१,००० युरो लागतात आणि कामाबाबतची अट तितकीच कडक आहे. सल्लागारी सोडवत नसेल तर निवृत्तीचा व्हिसा मागूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोर्तुगालचा डी-७, म्हणजे पेन्शनसारख्या बिनकामाच्या उत्पन्नावर मिळणारा व्हिसा, त्यामानाने स्वस्त, कारण त्याची रक्कम तिथल्या किमान वेतनाशी बांधलेली आहे. २०२५ साली ती महिन्याला ८७० युरो होती. जोडीदारासाठी त्याच्या निम्मी आणि मुलासाठी ३० टक्के धरायची. पण जानेवारीत किमान वेतन वाढलं की ही अटही वाढते. नोव्हेंबरात हिशेब करून फेब्रुवारीत अर्ज देणाऱ्यांनी हे विसरू नये.

जुन्या माहितीवर घर विकून बसणं

या क्षेत्रात दोन वर्षांपूर्वीचा लेख म्हणजे शिळी माहिती. ब्रिटनने गुंतवणूकदारांचा टियर-१ व्हिसा १७ फेब्रुवारी २०२२ रोजी बंद केला. आयर्लंडची योजना पुढच्याच फेब्रुवारीत गुंडाळली गेली. पोर्तुगालने ऑक्टोबर २०२३ मध्ये गोल्डन व्हिसातून, म्हणजे मोठ्या गुंतवणुकीच्या बदल्यात मिळणाऱ्या निवास परवान्यातून, घरखरेदी काढून टाकली. व्हिसा चालू आहे, पण तो मुख्यतः पाच लाख युरोंच्या फंडातल्या गुंतवणुकीसारख्या मार्गांनी. ऑस्ट्रेलियाचा व्यवसाय-गुंतवणूक कार्यक्रम जुलै २०२४ मध्ये संपला, आणि स्पेनचा गोल्डन व्हिसा ३ एप्रिल २०२५ रोजी. तरीही 'स्पेनमध्ये घर घ्या, व्हिसा मिळवा' अशी पानं इंटरनेटवर अजून सुखाने नांदताहेत.

निवृत्तांची गोष्ट तर आणखी मजेशीर. अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांत निवृत्तांसाठी व्हिसाच नाही. ब्रिटनने आपला २००८ मध्ये बंद केला, ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये. मलेशियाची 'दुसरं घर' योजना बंद पडली नाही, पण २०२१ मध्ये तिथे महिन्याला ४०,००० रिंगिट उत्पन्नाची अट आली, आणि २०२४ मध्ये पुन्हा सगळं बदलून चांदी, सोनं, प्लॅटिनम असे वर्ग झाले. त्यांच्या मुदत ठेवी अनुक्रमे दीड लाख, पाच लाख आणि दहा लाख डॉलरच्या, वर घर घेण्याची सक्ती.

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा. त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याच्या पानावर जायचं, पान शेवटचं कधी बदललं ती तारीख बघायची आणि वकिलाला एकच प्रश्न लेखी विचारायचा: नियम अर्जाच्या तारखेचा लागतो की निर्णयाच्या? नियम मध्येच बदलला तर सगळं त्या उत्तरावर ठरतं.

आधी घर, मग व्हिसा

घर घेतलं म्हणजे राहायचा हक्क मिळाला, हा गैरसमज एजंट लोक आवडीने जोपासतात. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही. कॉन्डो घेता येतो, तोही इमारतीतल्या ४९ टक्के परदेशी वाट्यातून. पण तो घेतला म्हणून निवृत्तीचा व्हिसा मिळत नाही, त्यासाठी वय, बँकेतली शिल्लक किंवा उत्पन्न हेच बघतात.

ग्रीसमध्ये घरावर व्हिसा अजून मिळतो, पण तिथली कलमं बारकाईने वाचायला हवीत. सप्टेंबर २०२४ पासून अथेन्सचा परिसर, थेस्सलोनिकी, मिकोनोस, सँटोरिनी आणि ३,१०० हून जास्त वस्तीची बेटं इथे किमान आठ लाख युरो लागतात; बाकी ठिकाणी चार लाख. शिवाय एकच मालमत्ता हवी, किमान १२० चौरस मीटरची. अडीच लाखांची जुनी रक्कम उरली आहे ती दुसऱ्या वापराच्या इमारतीचं घरात रूपांतर केलं तर किंवा वारसा इमारतीची डागडुजी केली तर. आणि खरी मेख पुढे आहे: हे घर पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने देता येत नाही. दिलं तर ५०,००० युरो दंड आणि परवाना रद्द. भाड्यातून हप्ते फेडायचा बेत असेल तर तो इथेच सोडा.

खरेदीच्या करारात 'व्हिसा नाकारला गेल्यास इसारा परत' हे कलम असल्याशिवाय सही करू नका. आणि वकील स्वतःचा नेमा, बिल्डरने सुचवलेला नको.

पैशाचा माग तुटणं

गुंतवणूकदारांचे अर्ज सगळ्यात जास्त इथे लटकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अमेरिकेच्या ईबी-५ मध्ये, म्हणजे गुंतवणुकीवर ग्रीन कार्ड देणाऱ्या व्हिसात, १० लाख ५० हजार डॉलर गुंतवावे लागतात. ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात आठ लाख. त्यातून दहा पूर्णवेळ नोकऱ्या तयार झाल्या पाहिजेत. आणि यातला प्रत्येक डॉलर कुठून आला हे कागदावर दिसलं पाहिजे.

समजा, घर विकून पैसे उभे केले. विक्रीचा करार लावला आणि काम झालं असं वाटतं. नाही. पुढचा प्रश्न येतो, ते घर वीस वर्षांपूर्वी कशातून घेतलं? पगारातून, तर त्या वर्षांची करविवरणपत्रं. थोडे पैसे भावाने दिले, तर बक्षीसपत्र, आणि भावाकडे ते कुठून आले त्याचे पुरावे. करारात नाव एका स्पेलिंगने, पासपोर्टवर दुसऱ्या, तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र. मधल्या एका वर्षाचं बँक स्टेटमेंट मिळत नाही म्हणून सहा महिने लटकलेल्या फायली असतात. बँका जुन्या नोंदी कायम ठेवत नाहीत. तेव्हा स्टेटमेंट आज मागवून ठेवा, अर्ज पुढच्या वर्षी करायचा असला तरी.

दुसरी चूक हमीच्या लोभाची. 'पाच वर्षांनी मूळ रक्कम परत, लेखी' असं कोणी देऊ केलं की हायसं वाटतं. पण ईबी-५ मध्ये पैसा जोखमीत असणं ही अटच आहे. परतफेडीची हमी दिलेली गुंतवणूक गुंतवणूक म्हणून धरतच नाहीत. म्हणजे जो कागद बघून तुमचा जीव भांड्यात पडला, त्याच कागदावर अर्ज फेटाळला जातो.

अमेरिकेच्याच ई-२ व्हिसाचं, म्हणजे पैसे घालून तिथे स्वतःचा धंदा चालवायच्या व्हिसाचं, प्रकरण निराळं. तो फक्त अमेरिकेशी तसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांना मिळतो. भारत, चीन, ब्राझील त्या यादीत नाहीत. किमान रक्कम ठरलेली नाही, पण धंदा मालकाचं पोट भरण्यापुरताच असून चालत नाही. करारातल्या देशाचं नागरिकत्व विकत घेऊन तिथून ई-२ मागायची पळवाट २०२२ च्या अखेरीस बरीचशी बुजली: असं नागरिकत्व घेतलेल्यांना आता त्या देशात तीन वर्षं वास्तव्य दाखवावं लागतं. ई-२ साठी गुंतवलेला पैसा व्हिसा नाकारला गेला तर अडकू नये म्हणून तो एस्क्रो खात्यात (अट पुरी होईपर्यंत तिऱ्हाइताकडे पैसे राहतात असं खातं) ठेवण्याची सोय आहे, ती जरूर वापरा. आणि हा व्हिसा कितीही वेळा वाढवला तरी त्यातून आपोआप ग्रीन कार्ड निघत नाही.

निवृत्तांनाही माग चुकत नाही. थायलंडमध्ये निवृत्तीवर मुक्काम वाढवायचा एक मार्ग म्हणजे आठ लाख बाट खात्यात ठेवणं. पण अर्जाच्या आधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने ते पूर्ण हवेत, आणि एरवी वर्षभर शिल्लक चार लाखांखाली जाता कामा नये. एखाद्याने दवाखान्याच्या बिलासाठी पैसे काढले, शिल्लक ३,९५,००० झाली, आठवड्याने पुन्हा भरले. पासबुकात ती ओळ राहते आणि पुढच्या वर्षी तीच नडते. दवाखान्याचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा.

कागदांच्या तारखा

थोडक्यात सांगतो. पोलिसांचा दाखला पुष्कळ ठिकाणी तीन ते सहा महिनेच चालतो, म्हणून तो शेवटी काढायचा. गेल्या पाच वर्षांत ज्या ज्या देशात राहिलात तिथला प्रत्येकाचा दाखला मागितला जाऊ शकतो. आधी अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, मग अधिकृत अनुवादकाकडून भाषांतर. क्रम उलटा झाला तर भाषांतर दुसऱ्यांदा करावं लागतं, कारण शिक्क्याचंही भाषांतर हवं असतं.

व्हिसा मिळाला, दिवस मोजलेच नाहीत

राहण्याचा परवाना आणि कर भरण्याचं ठिकाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच देशांत वर्षात १८३ दिवस राहिलात की तुम्ही तिथले करदाते. पण डी-७ चा तात्पुरता परवाना टिकवायचा तर त्याच्या एकूण मुदतीत सलग सहा महिने किंवा तुटक आठ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहता येत नाही. म्हणजे 'व्हिसा ठेवू, कर टाळू' हे जमणं कठीण. पोर्तुगालच्याच गोल्डन व्हिसाला वर्षाला सरासरी सात दिवस पुरतात. संयुक्त अरब अमिरातीत साधा निवास परवाना सहा महिने बाहेर राहिल्यास सहसा रद्द होतो, गोल्डन व्हिसाला ती अट नाही. थायलंडमधून बाहेर पडताना परतीचा परवाना घेतला नाही तर वाढवलेला मुक्काम तिथेच संपतो. ग्रीन कार्ड घेतलेल्यांनी लक्षात ठेवावं की अमेरिका त्यांच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावते.

पेन्शनचंही बघून घ्या. ब्रिटनची सरकारी पेन्शन कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्यांना दरवर्षी वाढवून मिळत नाही. गेलात त्या दिवशीच्या रकमेवर गोठते. वीस वर्षांनी फरक बराच पडतो.

आरोग्य विम्याचं वय असतं हे विसरणारेही खूप. स्पेनला असा विमा हवा की ज्यात बिलातला वाटा रुग्णाने भरायचा नाही आणि सुरुवातीचा प्रतीक्षा काळही नाही. सत्तरीनंतर तो मिळवणं जड जातं. देश निवडण्याआधी विमा कंपनीचा होकार घ्या.

जोडीदाराचा विचार

घरातल्या सगळ्यांचा व्हिसा एका माणसाच्या पेन्शनवर उभा असतो. तो माणूस गेला तर? पेन्शन निम्मी होते का, थांबते का, जोडीदाराचा परवाना किती महिने चालतो, हे अर्जापूर्वी विचारायला लोकांना अवघड वाटतं. विचाराच. शक्य असेल तिथे दोघांचेही स्वतंत्र मुख्य अर्ज करावेत. मुलांबाबत एकच आकडा: ई-२ वर आलेल्या मुलांना २१ पूर्ण झाल्यावर स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो.

नकार आला तर

नकारपत्र नीट वाचा. 'पुरेसं उत्पन्न नाही' आणि 'उत्पन्नाचा पुरावा पटला नाही' ही दोन वेगळी कारणं आहेत. पहिल्यात वर्ग बदलावा लागतो, दुसऱ्यात नुसते कागद. स्पेनमध्ये फेरविचारासाठी एक महिना आणि कोर्टात जायला दोन महिने मिळतात. कागदच कमी पडला असेल तर भांडण्यापेक्षा नवा अर्ज बहुधा लवकर मार्गी लागतो. मात्र जुना नकार लपवू नका. ब्रिटनमध्ये खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते, आणि अमेरिकेत तर ती कायमची असू शकते. नव्या फायलीत आधीच्या नकारपत्राची प्रत सगळ्यात वर लावा, त्याखाली त्यातल्या प्रत्येक हरकतीला उत्तर देणारा एकेक कागद, त्याच क्रमाने.